चांगला उठलेला वण

चरा. पितळी घंगाळावर पडतो. चिंचेनं घासला तर जात नाही, उलटा चकाकतो.

घट्टा. कारकुनाच्या मधल्या बोटाला, हमालाच्या खांद्याला. दोघांनाही तो दुखत नाही.

खाच. नारळाच्या खोडाला, चढणाऱ्याच्या पायासाठी. झाड वर वाढत जातं, खाच आहे तिथंच राहते.

तळुंबु. तमिळ शब्द. मद्रासच्या जॉर्ज टाउनमधली मराठी पोरं गुडघा फोडून आली की हाच शब्द बोलतात. 'वण' म्हटलं की त्यांना हसू येतं.

मुद्रा. शंखाची आणि चक्राची. आषाढी एकादशीला होमाच्या निखाऱ्यांवर तापवून मठातले स्वामी ती दंडावर टेकवतात. बहुतेकांची खूण दिवाळीपर्यंत पुसट होते.

बहुतेकांची. कनकाची झाली नाही.

रांगेत तिच्यापुढं बरीच माणसं होती, आणि प्रत्येकाच्या तोंडून निघालेला 'स्स' ऐकत ऐकत ती पोर पुढं सरकत होती. तिची पाळी आली तेव्हा तिनं हात ओढला. चक्र जागच्या जागी फिरलं आणि खोल भाजलं. पुढं ते पिकलं, खपली धरली, पुन्हा पिकलं. भवानी रोज खोबरेल लावायची आणि लेक रोज किंचाळायची. शेवटी एकदा लावता लावता भवानी म्हणाली, "आता पुन्हा तुझ्या हाताला कोणी काही करायचं नाही. माझी शपथ."

"सुईसुद्धा?"

"सुईसुद्धा."

पोरांना आपण असं काय काय कबूल करतो. भवानीनं मात्र ते मनापासून केलं होतं.

वण भरला तो गोल, खडबडीत, मधे खोलगट. आरे एकमेकांत मिसळून गेले होते. कोणी चक्र म्हणून ओळखलं नसतं.

एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्याआधी नगरपालिकेचा देवी टोचणारा नारायणस्वामी गल्लीत आला. खांद्याला पेटी, पायात फाटक्या चपला, तोंडात सुपारी. राघोत्तम कचेरीत जाताना बायकोला बजावून गेला होता, "आज तो येईल. कनकाला टोचून घे. शेजारणींचं ऐकत बसू नकोस." राघोत्तम बंदराजवळ एका व्यापाऱ्याच्या पेढीत कारकून होता आणि इंग्रजी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचा.

पेटी बघताच कनका आईच्या लुगड्यात शिरली. नारायणस्वामीनं तिचा दंड धरून बाही वर केली आणि थांबला.

"अम्मा, हिचं झालंय की! तळुंबु आहे. कुठं टोचलंत?"

सरळ सांगायचं होतं, ही मुद्रा आहे, आमच्या मठातली. शब्द भवानीच्या जिभेवर आलेही. पण कनकाची नखं तिच्या कमरेत रुतली होती.

"गिंडीला," भवानी म्हणाली. "माझ्या भावाकडे."

"छान उठलाय," म्हणून तो पुढच्या दाराकडे गेला.

शेजारच्या ओसरीवरून सईबाईनं सगळं पाहिलं होतं. तंजावरची म्हातारी, सोवळी, तोंडाची तिखट. तो वळल्याबरोबर ती पदर तोंडाला लावून हसली. "काय ग भवानी, स्वामींचं चक्र सरकारी झालं की आज!"

"सईबाई, ह्यांना सांगू नका."

"मी कशाला सांगू? देवाची खूण आहे ती. तुमच्या त्या सुईहून बरी."

संध्याकाळी राघोत्तमनं विचारलं, "टोचलं?"

"हो. चक्राच्या वणातच."

"रडली?"

"नाही."

त्यानं लेकीला उचलून फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी लाल रिबीन आणली. त्या रिबिनीनं भवानीचं तोंड कायमचं बांधलं. तोवर खोटं तिचं एकटीचं होतं. आता त्यात नवऱ्याचा आनंदही येऊन बसला.

काही दिवसांनी गल्लीच्या टोकाच्या घराला कडुनिंबाचे डहाळे लागले. त्या घरी अम्मै आली होती. मराठीत आपण देवी म्हणतो. त्या घरातल्या मुलीबरोबर कनका आदल्या संध्याकाळपर्यंत सागरगोटे खेळत होती.

नारायणस्वामी धावत आला. या खेपेला सुपारी नव्हती. "ज्या पोरांना टोचलेलं नाही ती आज आणा. आज टोचलं तर अजून वाचतील. मोठ्यांचं उद्या बघू."

अजून वाचतील. भवानीनं ते शब्द स्वतःशीच पुन्हा म्हटले.

रविवार होता, राघोत्तम घरी होता. त्यानं ऐटीत लेकीची बाही सारली. "आमच्या हिचं केव्हाच झालंय. बघा."

नारायणस्वामीनं वणावरून अंगठा फिरवला. "चांगला उठलाय अय्या," तो अदबीनं म्हणाला. "हिची काळजी नको."

"पुन्हा टोचलं तर?" भवानीनं एकदम विचारलं. "जास्तीचं?"

"अम्मा, लस थोडी आहे. ज्यांना काहीच टोचलेलं नाही अशी पोरं उभी आहेत."

"हिला कायम जास्तीचं लागतं," राघोत्तम बायकोकडे बघून हसत म्हणाला. "आमटीत चिंचसुद्धा!"

आजूबाजूचे हसले. भवानीही हसली.

दुपारी नवरा झोपल्यावर ती कनकाला कडेवर घेऊन निघाली. एवढी मोठी मुलगी कडेवर. नारायणस्वामी गल्लीच्या पलीकडच्या बाजूला एका पायरीवर बसून सुई ज्योतीवर धरत होता. चार पावलांचं अंतर राहिलं. कनकानं ती ज्योत पाहिली.

"अम्मा, तू शपथ घेतली होतीस."

ती ओरडली असती तर भवानीनं तिला फरफटत नेलं असतं. ती हळू बोलली, मोठ्या माणसासारखी. भवानी उभी राहिली. मग माघारी फिरली.

दहा-बारा दिवसांनी कनकाला ताप आला. तिसऱ्या दिवशी कपाळावर पुरळ दिसलं. राघोत्तम वेड्यासारखा तेच विचारत राहिला, "टोचलं होतं ना? गेल्या महिन्यात टोचलं होतं ना?" भवानी ओली फडकी बदलत राहिली. तो उठला आणि भर गल्लीत त्यानं नारायणस्वामीची गचांडी धरली. "पाणी टोचता काय रे लोकांना? हे सरकारी पाणी?"

"अय्या, कधी कधी लस लागत नाही," नारायणस्वामी मान खाली घालून म्हणाला. गिंडीला कोणी टोचलं, असं त्यानं विचारलंसुद्धा नाही.

खिडकीच्या गजांआडून भवानी बघत होती. आत्ता सांगायचं, ती स्वतःला म्हणाली. आत कनका पाणी मागत होती, म्हणून ती वळली.

राघोत्तम शिकलेला, पेपर वाचणारा. त्याच्याच पोरीला झालं म्हटल्यावर मोठ्यांचं टोचणं राहिलंच. पेटी पाहिली की गल्ली कड्या लावून घ्यायची. सईबाई त्याच साथीत गेली. शेवटच्या दिवसांत ती भवानीकडे बघून बोट ओठांवर ठेवायची. गप्प राहीन म्हणत होती की गप्प राहा म्हणत होती, कोण जाणे.

कनका जगली. तोंडभर वण राहिले, ते भवानीनं धरूनच ठेवले होते. पण एका सकाळी चिकटलेल्या पापण्या सुटल्या आणि दोन्ही बुबुळांवर पांढरं आलं. याला फूल पडलं म्हणतात. व्रणाला फूल म्हणणारा माणूस कोण असेल? त्यानं आपल्या मुलीच्या डोळ्यांत पाहिलं नसणार.

"अम्मा, दिवा लाव ना."

बाहेर लख्ख ऊन होतं. राघोत्तम भिंतीकडे तोंड करून बसला होता. लस खोटी असते, हे तो आता शांतपणे, सगळ्यांना समजावून सांगायचा. भवानीनं दिवा लावला.

भवानीच्या डाव्या दंडावर देवी टोचल्याचे वण आहेत. ती रांगत होती तेव्हा तंजावरात तिच्या आईनं तिला टोचून आणलं होतं.