लाईट गेली होती त्या दिवशी

नाहूरच्या त्या बिल्डिंगीत किरण म्हणजे ‘इंडिया खेळलेला’. किती खेळला? एक वन-डे, बस्स. त्यात बॅटिंग आली नाही, बॉलिंग मिळाली नाही. पण एकोणपन्नासाव्या ओव्हरला त्याने झेप घेऊन चौकार अडवला, इंडिया तीन रनने जिंकली आणि मग गुडघ्याने दगा दिला, हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. एकोणीस वर्षं दर भीमजयंतीला शाल घालून त्याला हेच सांगायला लावायचे.

सगळी थाप होती हो! चौकार त्याच्या दोन पायांमधून गेला होता. मॅच तशीही जिंकली, पण त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तो घरी आला तेव्हा सगळी बिल्डिंग जिन्यात उभी होती. आई, सोनूबाई, म्हणाली की दुपारपासून लाईट नव्हती, कुणालाच मॅच दिसली नाही, तूच सांग. आणि त्याने सांगितलं. तिथेच तो अडकला.

यंदा वाट लागली. नव्याने राहायला आलेल्या माणिकला ती अख्खी मॅच यूट्यूबवर सापडली आणि त्याने जयंतीला ती सगळ्यांना दाखवायला पडदाच लावला. किरणने ताप आल्याचं सोंग केलं. त्याच्या चौदा वर्षांच्या लेकीने, संघमित्राने, शाळेत त्या चौकारावर निबंध वाचला होता. ती गोळी घेऊन आली आणि बापाला हाताला धरून पहिल्या रांगेत घेऊन गेली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला लेक, गळ्यात शाल. उठणार कुठून?

पडद्यावर बॉल आला आणि पायांमधून गेला. संघमित्राने हात सोडला. किरणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे मात्र जुनी माणसं मुकाट चहा पीत होती. एकालाही आश्चर्य वाटलं नाही.

“आये,” तो कसाबसा म्हणाला, “तुला माहीत होतं?”

“सगळ्यांनी तेव्हाच बघितलं होतं. लाईट गेली नव्हती रे. तू खाली मान घालून जिना चढत होतास, मला बघवलं नाही.”

म्हणजे एवढी वर्षं ही माणसं त्याला सांभाळून घेत टाळ्या वाजवत होती. त्याला रडू फुटायचं बाकी होतं.

सेक्रेटरी विद्याधरकाकांनी पडदा बंद करायला लावला आणि नेहमीसारखा माइक त्याच्यापुढे धरला. आज खरं सांगून मोकळं व्हावं म्हणून किरण उठला. संघमित्राने त्याची शाल सारखी केली.

“सांगा ना पप्पा,” ती हळूच म्हणाली. “लाईट गेली होती त्या दिवशी.”

त्याने माइक घेतला आणि एकोणपन्नासाव्या ओव्हरपासून सांगायला लागला.