बर्फाबाहेरच्या बारा नळ्या

कोरोनात ऑक्सिजनचेच उपद्रवी कण शरीरावर उलटतात, पेशींची नासधूस करतात. त्याला म्हणायचं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. तो मोजायचा तर रक्त काढल्याकाढल्या नळी बर्फात, अर्ध्या तासात मशीनवर फिरवून प्लाझ्मा वेगळा, की लगेच फ्रीजरमध्ये. उशीर झाला तर रक्त नळीतच बिघडत राहतं आणि आकडा खोटा चढतो. नव्या आलेल्यांना हे दरडावून शिकवणारी लॅबवाली बाई स्वतःच चुकली, आता बोला!

त्या दिवशी हिच्या जाऊबाईंना ऑक्सिजन लावल्याचा निरोप आला. हातातला रक्ताच्या नळ्यांचा ट्रे टेबलावर टाकून ही वॉर्डाकडे धावली. परतली तेव्हा दोन तास उलटले होते. बारा नळ्या, आणि बर्फाचा पत्ता नाही. तिने निमूट नळ्या फिरवल्या आणि वहीत वेळ खोटी लिहिली.

जाऊबाई सुखरूप घरी आल्या. त्या बारांपैकी पाचजण गेले. चाचणीत रंग जितका गुलाबी तितका ताण जास्त, आणि या बारांचा सगळ्यांत गडद उतरला. हा अभ्यास करणारे डॉक्टरसाहेब हरखून गेले, मरण आधी सांगणारा आकडा सापडला म्हणाले.  जाऊबाई मायेने ताटात वाढायच्या, तेव्हा हिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. महिन्याभराने तिने साहेबांपुढे सगळं ओकून टाकलं.  बाराही नंबर त्यांनी अभ्यासातून खोडले.

त्याच आठवड्यात त्या पाचांतल्या एकाची बायको लॅबच्या दारात आली. व्हेंटिलेटरवर जाण्याआधी नवऱ्याने स्वतः अभ्यासाच्या संमतीपत्रावर सही केली होती, आपल्या रक्ताचा कुणाला तरी उपयोग होऊ दे म्हणाला होता. तो झाला का, एवढंच तिला विचारायचं होतं.

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण हिची जीभ रेटेना.

"नाही झाला," ही म्हणाली. "रक्त मी बाहेर ठेवून गेले, ते बिघडलं. तुमच्या यजमानांचा नंबर अभ्यासातून काढून टाकावा लागला."

 त्या बाईने पर्समधून फोन काढून घरचा नंबर लावला आणि हिच्यापुढे धरला.

"मुली रोज विचारतात, बाबांचं काम कुठवर आलं. मला नाही जमणार. तुम्हीच सांगा."

हिने फोन कानाला लावला. पलीकडे धाकटी विचारत होती, "आई, झाला ना गं उपयोग?"