घरी गेल्यावर कळवतो

वसुधा साठेनं डूख धरला होता तो काही आजकालचा नव्हता. चांगला नऊ वर्षांचा होता, लोणच्यासारखा मुरलेला. म्हणून १९६२च्या सप्टेंबरात म्युनिकहून ती एकटीच कोलोनच्या गाडीत बसली तेव्हा मैत्रिणींना वाटलं, बाई सुट्टीत शहर बघायला निघाली. बघायचं होतंच तिला. डोम म्हणतात ते प्रचंड चर्च, ऱ्हाईन नदी, अत्तरांची दुकानं, सगळं बघायचं होतं. पण बॅगेत तळाशी आईनं दिलेली जांभळी रेशमी साडी घडी घालून ठेवली होती, ती काही चर्चसाठी नव्हे. एरवी म्युनिकजवळ गार्चिंगच्या प्रयोगशाळेत ती स्कर्ट आणि लोकरी कोटात वावरायची. डॉक्टरेट संपत आली होती, साडीला हात लावायला वेळ होता कुणाला?

साडी होती श्यामकांत लिमयेसाठी.

हा श्यामकांत नऊ वर्षांपूर्वी कराडला तिला बघायला आला होता. जर्मनीला निघालेला इंजिनियर म्हणजे काय विचारता! वसुधाचे अण्णा शाळेत चित्रकलेचे मास्तर. त्यांनी उसन्या खुर्च्या आणून ओळीत मांडल्या. पोहे झाले, चहा झाला. मग श्यामकांतच्या आईनं फर्मान सोडलं, "जरा चालून दाखव गं." त्याच वेळी चिरंजीव म्हणाले, "चष्मा काढून दाखवा." आता एकोणीस वर्षांच्या पोरीनं दोन्ही एकदम कसं करावं? तिनं चष्मा काढला आणि चालायला लागली. चष्म्याशिवाय तिला हातभर पलीकडचं धुरकट दिसायचं. पाय पडला तो थेट पोह्यांच्या ताटलीत. पाहुण्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं. निघताना श्यामकांत म्हणाला, "घरी गेल्यावर कळवतो."

त्याची आई छत्री विसरली होती. ती घेऊन अण्णा एसटीमागे धावले. गाडी सुटलेली, तरी खिडकीतून छत्री आत दिली आणि धावता धावता विचारत राहिले, "कळवाल ना? नक्की कळवाल ना?"

कळवलं नाही. एक ओळसुद्धा नाही. अण्णा रोज टपालवाल्याच्या वेळेला ओट्यावर येऊन बसायचे. दुसरी स्थळं आली तर म्हणायचे, "थांबा, तिकडे शब्द गुंतलाय." लोक हसले, तर म्हणायचे, "माणसं चांगली होती हो. टपाल गहाळ झालं असेल." दोन वर्षांनी ते गेले. शेवटपर्यंत त्या भल्या माणसानं दोष दिला तो टपाल खात्याला.

आणि आता या स्थळाचं नाव पुन्हा निघालं ते स्टुटगार्टच्या मालिनीवहिनींच्या तोंडून. वहिनींचे यजमान तिथल्या कारखान्यात होते आणि जर्मनीतल्या समस्त मराठी अविवाहितांची काळजी वहिनींनी आपल्या शिरावर घेतली होती.

"अगं, कोलोनला एक इंजिनियर आहेत. श्यामकांत लिमये. पस्तिशी आली, अजून एकटेच. आईला म्हणे मुलगीच पसंत पडत नव्हती. आता मात्र घाईला आल्यात. तू आपली शहर बघायला म्हणून जा. चर्च बघ, नदी बघ, जाता जाता मुलगाही बघ."

वसुधानं कप खाली ठेवला. "माझं नाव सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं की. म्हणाले, साठे म्हणजे पुण्याचे का? मी म्हटलं, असतील!"

म्हणजे विसरले! नकार दिला याचा राग होताच. पण कुणाला दिला हेही या लोकांच्या लक्षात नव्हतं. वसुधाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वर शांतपणे म्हणाली, "जाईन हो वहिनी. का नाही?"

बेत साधा होता. नटूनथटून जायचं, गोड बोलायचं, त्याच्या तोंडून 'पसंत' वदवून घ्यायचं आणि मग तोंडावर सांगायचं, "मला मुलगा नापसंत आहे." आणि त्याचा चेहरा पडताना बघायचा. डोळे भरून बघायचा. नऊ वर्षं ती त्या एका दृश्यासाठी जगली म्हटलं तरी चालेल.

पण शहराच्या मनात तिच्याविषयी काहीतरी वाकडं असावं. शनिवारी डोमकडे जायला म्हणून ती ट्रॅममध्ये चढली, ती ट्रॅम तिला पूल ओलांडून नदीपल्याड घेऊन गेली. सगळी दुनिया ज्या डोमच्या पायाशी उभी राहते तो वसुधानं ऱ्हाईनच्या पलीकडच्या काठावरून, पावसात भिजत बघितला. दुपारी एका जुन्या बिअरच्या खाणावळीत जेवायला बसली. यादीत 'अर्धा कोंबडा' नावाचा पदार्थ होता. तिनं नाक मुरडून तो टाळला आणि 'आकाश आणि पृथ्वी' मागवलं. नाव कसं सात्त्विक! आलं ते बटाटे, सफरचंद आणि त्यावर डुकराच्या रक्ताचं काळंकुट्ट सॉसेज. शेजारच्या टेबलावर तो अर्धा कोंबडा आला, तर तो निव्वळ पाव आणि चीज. वसुधा सॉसेज बाजूला सारून बटाट्याकडे बघत बसली. तिनं या सगळ्याचा हिशेबही श्यामकांतच्याच नावावर मांडला. तो नसता तर ती या गावात कशाला कडमडली असती?

रविवारी मात्र ऊन पडलं. भेट चार वाजता, डोमसमोरच्या कॅफेत. तिनं जांभळी साडी नेसली, अंबाड्यात पांढरं फूल खोवलं आणि हाताशी वेळ होता म्हणून डोमच्या मनोऱ्यावर चढायला निघाली. गोल गोल जिना, श्वास लागला, गुडघे बोलायला लागले, पण वर गेल्यावर जीव सुखावला. लांबच लांब नदी, तिच्यावर माल वाहणाऱ्या बोटी, आणि गावात नव्या इमारतींच्या मधून मधून युद्धात पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा. वसुधा कठड्याच्या जाळीशी वाकून बघत होती. तेवढ्यात असा वारा आला की पदर उडाला, तोंडावर आपटला आणि परत जाताना चष्मा घेऊन गेला. जाळीतून खाली! कुठेतरी दगडावर किण्ण वाजल्याचं तिला ऐकू आलं. रोजचा कोट घातला असता तर काही झालं नसतं. ज्या साडीवर एवढी मदार ठेवली होती तिनंच दगा दिला.

दुसरा चष्मा म्युनिकला, टेबलाच्या खणात. आणि जर्मनीत रविवारी चष्म्याचं दुकान उघडं सापडणं म्हणजे वाळूतून तेल काढणं. ती भिंतीला धरून, एकेक पायरी चाचपत उतरली. येणारे जाणारे 'बिट्टे, बिट्टे' म्हणत वाट देत होते. तिला रडू येत होतं ते चष्म्यासाठी नव्हे. आता तो चेहरा पडताना दिसणार कसा?

कॅफेत शिरल्यावर दाराशी एक उंच माणूस हॅट घालून उभा दिसला. वसुधानं हात जोडले. "नमस्कार. मी वसुधा साठे."

माणूस काही बोलेना. मागून आवाज आला, "अहो, तो कोट अडकवायचा खांब आहे. मी इकडे."

अब्रूचं खोबरं झालं. पण तो हसला नाही, हे तिला मान्य करावं लागलं. त्यानं खुर्ची ओढून दिली, चष्म्याची हकिकत ऐकून हळहळला, मेन्यू वाचून दाखवला. कॉफी झाल्यावर हाताला न धरता, पण प्रत्येक पायरी आधी सांगत तिला नदीकाठच्या बाकावर नेलं. तिथे बसून तो तिला शहर सांगत राहिला. "आता एक पांढरी स्टीमर चाललीय. वर माणसं नाचताहेत. एक म्हातारी कुत्र्याशी नाचतेय, गेनाऊ, अगदी बरोबर, कुत्र्याशीच." वसुधाला हसू आलं. समोर नुसता एक राखाडी ठिपका होता आणि त्या ठिपक्याचा आवाज चांगला होता. एकट्या माणसाचा आवाज, मराठी बोलायला आसुसलेला.

आली का पंचाईत! रागावर सायीसारखं काहीतरी धरायला लागलं. नऊ वर्षं झाली, तेव्हा तोही पोरगाच असेल, आईपुढे काय बोलणार, असले विचार तिच्या मनात येऊ लागले. स्वतःचाच संताप आला तिला. तरी विचार थांबेनात.

"एक बोलू?" तो म्हणाला. "चष्म्याशिवाय तुम्ही छान दिसता."

वसुधाला कराडचं 'चष्मा काढून दाखवा' आठवलं. तिनं विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं लग्न कसं केलं नाहीत?"

"अहो, मी कुठला? आईला कोणी पसंत पडेल तर ना! निघायच्या आधी एका उन्हाळ्यात गावोगाव मुली बघितल्या. पोहे खाऊन खाऊन पोट बिघडलं." तो रंगात आला. "कराडची गंमत सांगतो. कुणी मास्तर होते. त्यांच्या मुलीला चष्मा काढायला सांगितला, तर ती सरळ ताटलीत पाय देऊन उभी! पायाला पोहे चिकटलेले, वर कोथिंबीर! आणि तो बाप! एसटी सुटली तरी मागे धावतोय. एका हातात आईची छत्री, दुसऱ्या हातानं धोतर सावरतोय आणि आपला विचारतोय, 'कळवाल ना? नक्की कळवाल ना?' आई अजून त्यांची नक्कल करते. मी घरी गेलो की पाहुण्यांसमोर करायलाच लावतो."

आणि तो हसला. पोट धरधरून हसला. डोळे पुसल्याचंही तिला कळलं, रुमाल हलला तो पांढरा दिसला.

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, म्हणतात ते हेच. वसुधानं बाकाची कड घट्ट धरली. अण्णांना या माणसांनी दिवाणखान्यात नाचवलं होतं, वर्षानुवर्षं, चहाबरोबर. आणि अण्णा तिकडे ओट्यावर बसून सांगत होते, माणसं चांगली होती हो.

"मग?" ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा साधा निघाला. "कळवलंत का त्यांना?"

"छे हो! कोण कळवत बसतं? कळवलं नाही म्हणजे नकार, एवढं लोकांना समजायला नको?"

"खरंय," वसुधा म्हणाली. "समजायला हवं."

त्या क्षणी तिनं बेत बदलला. तोंडावर नकार द्यायचा? तो तर उपकार झाला असता. ज्याला नकार मिळतो तो निदान घरात जाऊन जेवतो तरी, झोपतो तरी.

मग ती गोड बोलली. असं गोड बोलली की मालिनीवहिनींनीही तोंडात बोट घातलं असतं. त्याच्या कामाविषयी विचारलं, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, तो भाजी कशी फोडणीला टाकतो तेही ऐकून घेतलं. त्यानं एकदा विचारलंसुद्धा, "आपण आधी कुठे भेटलोय का हो? आवाज ओळखीचा वाटतो." ती म्हणाली, "नाही बाई. तुम्ही भेटला असतात तर माझ्या लक्षात राहिलं असतं." वेडा खूश झाला.

संध्याकाळी त्यानं तिला बानहोफवर, म्हणजे स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं. बॅग वर ठेवली, आपली छत्री घेऊन खाली उतरला आणि खिडकीशी उभा राहिला. मगाचा आवाज एकदम दबला होता.

"मी तर आजच आईला लिहितो. मला... म्हणजे माझ्याकडून पसंती आहे. तुमचं काय?"

नऊ वर्षं परजलेला शब्द जिभेवर होता. वसुधानं तो गिळला आणि हसून म्हणाली, "घरी गेल्यावर कळवते."

"जा, जा! सावकाश कळवा," तो म्हणाला. गाडी हलली. तो बरोबर चालू लागला, मग पळू लागला. "कळवाल ना? नक्की कळवाल ना?"

चष्मा नव्हता. त्याचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती ती नुसती एक धुरकट आकृती, हातात छत्री घेऊन धावणारी, मागे मागे पडत जाणारी. आणि ती आकृती हुबेहूब अण्णांची होती. तिचा हात आपसूक खिडकीबाहेर गेला. तोंडही उघडलं. मग पाहुण्यांसमोर अण्णांची नक्कल करणारी ती बाई तिच्या डोळ्यांपुढे आली. वसुधानं हात आत घेतला आणि खिडकीची काच वर ओढली.

पुढे थंडी पडली, नाताळ झाला, गार्चिंगची शेतं बर्फाखाली गेली. एका सकाळी प्रयोगशाळेत मालिनीवहिनींचा फोन आला.

"अगं, हे काय गं तुझं? बिचारे रोज टपालाची पेटी बघतात. आईनं दुसऱ्या मुली सुचवल्या तर म्हणाले, थांबा, तिकडे शब्द गुंतलाय. एका ओळीचं तरी कळव की."

"अय्या, मिळालं नाही का?" वसुधा म्हणाली. "टपाल गहाळ झालं असेल."

तिनं फोन ठेवला. खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. नवा चष्मा नाकावर नीट बसवून ती कामाला लागली. फक्त अण्णांना कळवायचं राहिलं.