मुद्दाम केलेल्या चुका

इटालियनचं पहिलं पुस्तक कुणालाही जमतं. नमस्कार-चमत्कार, माझं नाव अमुक, मला एक कॉफी द्या, स्टेशन कुठे आहे. एवढ्यावर माणूस स्वतःला मोठा पंडित समजायला लागतो. बेकरीवालाही लागला होता. त्याचं गाडं अडलं ते दुसऱ्या पुस्तकात. तिथे क्रियापदाला भूतकाळात जायचं तर सोबत मदतनीस क्रियापद लागतं, आणि असे मदतनीस आहेत दोन. खाल्लं-केलंला एक, गेलो-आलोला दुसरा. बेकरीवाला एकाला हाक मारायचा आणि धावून यायचा भलताच.

दुसऱ्या पुस्तकाची परीक्षा पास झाल्याशिवाय इटलीतलं ते हॉटेल त्याला भट्टीसमोर उभं करणार नव्हतं. बायकोलाही भाषा येत असेल तर तिला चादरी-टॉवेलांच्या कोठीत काम, आणि दोघांना मिळून एक खोली. नसेल येत तर तो एकटा, इतर कामगारांच्या गर्दीत एक पलंग. बायकोचा सगळा जीव त्या खोलीत अडकला होता. लग्न झाल्यापासून सासूबाई आणि नणंद पडद्यापलीकडे, आणि अलीकडे ही दोघं. तिला दार असलेली खोली हवी होती. आतून कडी लागणारी.

ती लॉंड्रीत शर्टांना इस्त्री करायची. कानात धडे चालू. आधी कॉलर, मग खांदे, मग कफ, आणि शर्ट हँगरला लागेपर्यंत एक क्रियापद पाठ. बघता बघता अख्खं दुसरं पुस्तक तिनं डोक्यात घडी घालून ठेवलं.

नवऱ्याची मात्र चूक दाखवायची सोय नव्हती. एकदा दाखवली, तर पुस्तक भिंतीवर आदळलं. "आता तू मला शिकवणार?" मग अबोला. तेव्हा तिनं युक्ती काढली. त्याची चूक ती स्वतःच करायला लागली.

"अहो, 'मी बाजारात गेले' हे असंच ना?" ती मुद्दाम चुकीचा मदतनीस लावून विचारायची.

तो पुस्तकात बघायचा आणि एकदम खुलायचा. "अगं मठ्ठ! जाणं-येणं आहे ना? मग दुसरा नको का लावायला?"

"अय्या, खरंच की!"

तिच्या चुकीवरून शिकलेलं तो पुन्हा विसरायचा नाही.

नणंद भाजी निवडता निवडता हसायची. "दादा, वहिनीच्या डोक्यात कांदेबटाटे भरलेत का रे?"

"कोऱ्या पाटीवर लिहिता तरी येतं," तो म्हणायचा. "हिची पाटी तेलकट आहे."

तीही हसायची. मनात म्हणायची, हसा. हॉटेलच्या मॅनेजरबाईंचा फोन येऊ दे. असं घडाघडा बोलेन की दोघांची बोटं तोंडात जातील.

बेकरीवाला पास झाला. केक त्यानंच भाजला, वर साखरेनं नावही स्वतःचंच काढलं. फोन आला तेव्हा ती त्याच्या प्रवासाच्या शर्टांना इस्त्री करत होती. नणंदेला ऐकू यावं म्हणून त्यानं आवाज मोठा केला. मॅनेजरबाईंनी अभिनंदन केलं आणि विचारलं, "खोली रिकामी आहे. तुमच्या पत्नीशी जरा बोलू का?"

तिनं इस्त्री उभी केली आणि फोनसाठी हात पुढे केला.

भट्टीजवळ आलेल्या पोराला मागे सारावं तसा त्यानं तो हात बाजूला सारला. "तिला राहू द्या, मॅडम," तो इटालियनमध्ये म्हणाला. "मी तिला खूप शिकवलं. रोज माझ्याबरोबर बसायची, पण तिला नाही जमलं. मी एकटाच येतो."

एवढ्या बोलण्यात एकही चूक नव्हती. मदतनीस जागच्या जागी, सर्वनामं नेमकी. यातलं वाक्य न् वाक्य तिनंच चुकून चुकून त्याच्या तोंडात घातलं होतं.

बोलावं, असं जिभेवर आलं. पण दारात नणंद भावाकडे कौतुकानं बघत होती, आणि तो छाती काढून उभा होता. बोलायचं म्हणजे नणंद आणि फोनवरच्या मॅनेजरबाई, दोघींसमोर त्याला खोटं पाडायचं. त्याचा मान राखायची तिला इतकी सवय जडली होती, की हातची खोली चालली तरी तोंड उघडेना.

"ठीक आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "मग ती खोली माळी आणि त्याच्या बायकोला देते."

फोन बंद झाला.

"कसा बोललो?"

"छान."

"तुझ्यासाठीच म्हणालो गं. तुझं त-त-प-प झालं असतं, वर माझी अब्रू गेली असती."

तिनं हातातल्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग हळूच म्हणाली, "सारेई वेनूता आंके इओ." मीसुद्धा आले असते.

त्यानं कान टवकारले. अर्थाकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो चूक शोधत होता. सापडेना, तसा जरा गडबडला. "उच्चार बघ," तो म्हणाला. "सा-रे-ई. तोंड उघडून. परत म्हण."

तिनं तोंड उघडून म्हटलं.

"अजून एकदा."

मीसुद्धा आले असते, ती पुन्हा म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही.

"शाबास!" त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. "हेच आधी जमलं असतं, तर तुला नेलं नसतं का मी?"