आईचा दात

माझ्या मानेवर, केसांच्या मुळाशी, दोन ठिपके आहेत. ओरुंबमध्ये जन्मलेल्या प्रत्येकाच्या मानेवर असतात. मूल मान धरायला लागलं की ते गोंदून घ्यायचे, असा आमच्याकडे रिवाज. काजळी चुलीची चालते, पण सुई म्हणून जांभळगळ्यांचाच एक जुना पोकळ दात लागतो. गोंदताना म्हणायचं, "आईचा दात, आईची राखण." जांभळगळ्यांच्या मानेवर हे ठिपके जन्मापासून असतात आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी ते निदान गोंदून घ्यावेत, एवढंच आम्हांला ठाऊक होतं.

जांभळगळे ही विषारी ड्रॅगनांची जमात. ओरुंबच्या डोंगरावरच्या ऊन राखेत ते आमच्या आधीपासून राहत होते. त्यांना आग ओकता येत नसे. गळ्याखाली दोन पिशव्यांत विष साठे, आणि त्या भरल्या की गळा जांभळा दिसे. गेल्या दोन पिढ्यांत डोंगर थंड होत गेला, राखेत पुरलेली अंडी उबेनाशी झाली. मी किनाऱ्यावरच्या वैद्यशाळेतून शिकून परत आले तेव्हा एकच मादी उरली होती. तिचं नाव ऊरा. आणि तिचं एक अंडं होतं, जमिनीतल्या वाफेच्या फटीजवळ, सगळ्यांत ऊन जागी पुरलेलं.

ऊराची देखभाल हेस्काआत्याकडे होती. आत्या रोज अंड्याभोवतीची राख वरखाली करायची, हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघायची आणि अंड्याला कान लावून बसायची.

"बाळंतीण तू आहेस की ती?" तुर्वालकाका, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, विचारायचे.

"तुझी जीभ एकदा त्या फटीत शिजवून घे," आत्या म्हणायची. "कोवळी होईल जरा."

अंड्यातून टकटक ऐकू यायला लागली त्याच आठवड्यात ऊरा गेली. सकाळी आत्या पाणी घेऊन गुहेशी गेली, तर ऊराने डोकं उचललं नाही.

आमच्याकडे जांभळगळा मेला की त्याची उतरवणी करतात. अंग गार पडायच्या आत गळ्याच्या पिशव्या दाबून सगळं विष तांब्याच्या वाडग्यात काढायचं आणि वाफेच्या फटीत ओतायचं. जन्मभर गळ्यात वागवलेलं ओझं उतरलं की जीव हलका होऊन जातो, अशी आमची समजूत. उतरवणी झाली नाही तर तो वाटेतच अडकतो.

काका वाडगा घेऊन आले. आत्याने ऊराचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही अंगठ्यांनी गळा दाबत आणला. वाडगा काठोकाठ भरला.

"आत्या, एक कुपीभर ठेवू या का?" मी विचारलं. असं विष मी शिकताना कधी पाहिलं नव्हतं. मला ते तपासून बघायचं होतं, बाकी काही मनात नव्हतं.

"येमा, तुझ्या आजीने जन्मभर लाकडं वाहिली. ती गेली तेव्हा तिच्या पाठीवर थोडी लाकडं ठेवून पाठवली होतीस का?"

आत्याने वाडगा फटीत रिकामा केला. फसकन वाफ आली आणि गेली. मग तिने वाडगा राखेने घासला, धुतला, पुन्हा घासला. अंग राखेत पुरलं; कवटी तेवढी उकळून साफ करून आत्याने आपल्या कोनाड्यात ठेवली. उतरवणी नीट झाली, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

पिल्लू बाहेर आलं तेव्हा भर दुपार होती. आधी एक नखी दिसली, मग नाक. आत्याने हात पुढे केला नाही. जांभळगळ्याला अंड्यातून ओढून काढायचं नसतं. ते स्वतःच राखेत येऊन पडलं, शिंकलं आणि आत्याच्या पायाच्या अंगठ्याला चिकटून झोपलं. ओली, काळपट, मुठीएवढी मादी. आत्याने तिचं नाव मिरी ठेवलं.

काका वाकून बघत होते. "अगं हेस्का, हिच्या मानेवर ठिपकेच नाहीत!"

"नीट बघ. ओली आहे अजून."

"नीटच बघतोय. कोरी आहे मान."

आत्याने बोटाने मान पुसली. खरंच काही नव्हतं. मग काका म्हणाले, "शेवटचं म्हणून घाईत पाठवलं वाटतं. रंगकाम राहून गेलं."

"मग आपण करू," आत्या म्हणाली.

तिने गोंदायचा दात आणला, काजळी कालवली आणि त्या एवढ्याशा मानेवर दोन ठिपके गोंदले. मिरी चीं करून ओरडली आणि लगेच विसरली. "आईचा दात, आईची राखण," आत्या म्हणाली. काकांनी मिरीच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि म्हणाले, "घ्या, आता ही आपल्या भाऊबंदांत आली. भांडायला मोकळी."

पुढचे दिवस फार चांगले गेले. मिरी उंदराची कलेजी खायची, उकडलेल्या कंदांची सालं पळवायची, काकांच्या वहाणेत बसायची. आत्या तिच्यामागे धावून दमायची आणि दमल्याचं सगळ्यांना सांगत फिरायची. एके दिवशी मिरीचा गळा फिका जांभळा दिसला. आत्याने हाका मारून अख्खा गाव गोळा केला. विष धरलं म्हणजे पिल्लू तगलं, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. त्या संध्याकाळी राखेत भाजलेले कंद आणि आंबवलेलं दूध घराघरांत वाटलं गेलं. "आता एखादा नर कुठे दडलेला सापडला की झालं," कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या डोंगरांवर शोधायला जायचं, असंही ठरलं.

सकाळी मिरी वहाणेतून उठली नाही.

मी तिला उजेडात नेलं. हिरड्यांतून रक्त झिरपत होतं. मागचे पाय लुळे, बाहुल्या सुईच्या अग्राएवढ्या. ही लक्षणं मला ओळखीची होती. लहानपणी आमची एक शेळी गुहेत शिरली होती, तेव्हा तिचं असंच झालं होतं.

"हिला जांभळगळा चावलाय," मी म्हणाले.

"चावायला उरलंय कोण?" काकांनी विचारलं.

विचार करताना माझी मान चोळायची सवय आहे. बोटाखाली दोन ठिपके आले. मी त्यांच्यातलं अंतर चिमटीत धरलं आणि मग आत्याच्या कोनाड्यातली ऊराची कवटी उतरवली. तिच्या दोन सुळ्यांमध्ये तेवढंच अंतर होतं.

वैद्यशाळेत आम्ही बकऱ्यांना सापाचं विष अगदी थोडं थोडं टोचत असू. रक्ताला त्याची सवय झाली की पुढे मोठी मात्राही बकरी सोसते. जांभळगळ्यांच्या माद्या अंडी फुटायला आली की ती गुहेत नेत, गुहेचं तोंड राखेने बंद करत आणि पिल्लांचे गळे जांभळे झाल्यावरच उघडत. आत काय चालतं ते कुणी पाहिलं नव्हतं. बाहेर येणाऱ्या पिल्लांच्या मानेवर ठिपके असत, म्हणून ते जन्मापासूनच असतात असं आम्ही धरून चाललो. आई मेलेली पिल्लं जगत नाहीत हेही आम्ही जुन्या माणसांकडून ऐकलं होतं. ती दुःखाने मरतात, असं आम्ही म्हणत होतो.

मी आत्याला सांगितलं. पिशव्या कोवळ्या असतात, सुरुवातीला पाझरतात. पिल्लाचं विष पिल्लाच्याच रक्तात उतरतं. त्याआधी आईने चावून सवय लावलेली असते.

आत्याने मिरीच्या मानेवरचे ठिपके बोटाने चाचपले. मग म्हणाली, "म्हणजे ऊरा हिला चावली असती."

"जन्मल्या जन्मल्या. अगदी थोडंसं."

"आणि तेवढं विष आपल्याकडे होतं."

"होतं."

"काठोकाठ होतं," आत्या म्हणाली.

काकांनी गोंदायचा दात आणला. पिढ्यान्‌पिढ्या काजळीत बुडवलेला आणि दर वेळी उकळून घेतलेला तो दात. मी त्याच्या पोकळीत काटा घालून खरवडलं. नुसती काजळी निघाली. काम बरोबर झालं होतं, दातही बरोबर होता आणि जागाही. त्यात विष तेवढं नव्हतं. आता मिरीचंच विष टोचून काही होणार नव्हतं. रक्ताला सवय व्हायला कितीतरी दिवस लागतात आणि तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. पिशव्या सतत रिकाम्या ठेवायच्या, म्हणजे पाझर कमी होईल. आत्याने मिरीला तळहातावर घेतलं आणि करंगळीने गळा दाबला. दोन थेंब आले. थोड्या वेळाने आणखी दोन. दुपारी मिरीने डोळे उघडले, पाणी प्यायली आणि काकांच्या वहाणेकडे मान वळवली. काकांनी पायातली वहाण झटकन काढून तिच्यापुढे ठेवली. "घे, दोन्ही घे. मी अनवाणी फिरेन." आत्या हसली. मीही मनात मोजणी सुरू केली होती, आणखी किती दिवस असं दाबत राहिलं तर रक्त सावरेल याची.

पण पिशव्या भरतच राहिल्या, आम्ही काढू त्याहून लवकर. ऊन भिंतीवरून उतरायच्या आत मिरीचा श्वास थांबला. आत्याची करंगळी त्यानंतरही तिच्या गळ्यावर फिरत होती. शेवटी काकांनी तिचा हात धरला.

दिवसभर काढलेलं विष तांब्याच्या त्याच वाडग्यात होतं. तळ जेमतेम ओला होईल एवढं. काका म्हणाले, "हेस्का, अंग गार पडतंय."

आत्या वाडगा घेऊन फटीशी गेली. आम्ही मागे उभे राहिलो. तिने वाडगा तिरका केला, सरळ केला, पुन्हा तिरका केला.

"ठेवू या का, आत्या?" मी विचारलं.

"कुणासाठी?"

"मग ओत," काका हळूच म्हणाले. "पोर अडकेल वाटेत."

"ओतवत नाही रे मला."

ती वाडगा मांडीवर घेऊन तिथेच बसली. फटीतून ऊन वाफ येत होती. हळूहळू विष आटलं आणि तळाला जांभळा पापुद्रा धरला. त्यानंतर तो वाडगा कुणी घासला नाही. आत्याच्या कोनाड्यात ऊराच्या कवटीशेजारी तो तसाच पालथा आहे.

पाऊस संपल्यावर काकांच्या मुलीचं बाळ मान धरायला लागलं. ती त्याला घेऊन आत्याकडे आली. आता हे कशाला, असं म्हणावंसं मला वाटलं, पण म्हणाले नाही. आत्याने काजळी कालवली, दात बुडवला, बाळाची मान डाव्या हाताने पुढे वाकवली. तिचा हात पूर्वीइतकाच स्थिर होता. पहिला ठिपका उठला, मग दुसरा.

"आईचा दात," आत्या म्हणाली.

पुढचं तिला म्हणवेना. काका दाराकडे बघत होते. बाळाने भोकाड पसरलं, आणि त्याच्या आईने त्याला पटकन उचलून छातीशी घेतलं.