रंगाची कळ

मी रंगाची कळ बोलतेय. लोक एकमेकांची कळ काढतात, त्यातली मी नव्हे. व्हिडिओ एडिटिंगच्या टेबलावर गोल बटणांची एक पाटी असते, तिच्यातलं तिसरं बटण म्हणजे मी. उजवीकडे फिरवलं की चित्रातले रंग गडद होतात, डावीकडे फिरवलं की फिके. पार डावीकडे नेलं तर चित्र कृष्णधवल.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. बाबांनी खोक्यातून काढून टेबलावर ठेवलं, फुंकर मारली आणि मुलीला म्हणाले, "आता बघ गंमत." समारंभांच्या फिल्म करून देणारं हे बापलेकीचं दुकान. ती शेजारच्या खुर्चीत बसून आवाज जुळवायची, रंग बाबांकडे. "आधी माणसाची कातडी बघायची, मग फुलं," असं ते म्हणायचे, आणि मला पन्नासच्या आसपासच ठेवायचे.

मग कधीतरी त्यांचा हात उजवीकडे झुकू लागला. साठ, सत्तर, ऐंशी. लाल रंग कडा सोडून सांडायला लागला. एका कचेरीतल्या निरोप समारंभाची फिल्म बघून गिऱ्हाईक चाचरत म्हणालं, "छानच झालंय काका, फक्त आमचे साहेब जरा टोमॅटो दिसतायत."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

मुलगी त्यांना काही बोलली नाही. दुपारी ते डुलकी काढायला गेले की ती मला हळूच पन्नासवर आणायची, वेगळी प्रत करायची आणि तीच गिऱ्हाइकाला द्यायची. पुन्हा कौतुक सुरू झालं, आणि तिथेच घोटाळा झाला. "बघ, लोकांना रंग हवाच असतो," म्हणत बाबांनी मला नव्वदला नेलं. मला दोघांचीही दया यायची.

एके सकाळी ती नवा निळा स्वेटर घालून आली. बाबा म्हणाले, "करडा रंग शोभतो हो तुला."

"करडा?"

"मग काय पांढरा म्हणू?"

दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनं झाली, बाबा दुकानात आले आणि आल्या आल्या विचारलं, "भिंती कधी रंगवल्यास?" भिंती होत्या तशाच होत्या.

मग त्यांनी वर्षभराच्या फिल्म उघडल्या. आपला नव्वदचा कारभार बघून कानापर्यंत लाल झाले, आणि यात माझा काही हात नव्हता. नंतर गिऱ्हाइकांना गेलेल्या प्रती बघितल्या. त्यांना सगळं कळलं.

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके रंगात होतात, बाबा. बेरंग कसा करू?"

बाबा उठले आणि शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. "तू बस इथे. आवाज मी बघतो. कान अजून शाबूत आहेत."

आता माझ्यावर तिची बोटं असतात. मी सुखात आहे, बाबाही. एवढंच सांगते, तुमच्या घरी कोणाचा हात असा उजवीकडे सरकू लागला, तर त्याच्या मागून गुपचूप मला फिरवत बसू नका. समोर बसा आणि विचारा, "बाबा, हा रंग कोणता?" तिने आधी विचारलं असतं, तर त्या माणसाला वर्षभराचं निळं आभाळ दिसलं असतं.