देश तिकडे, समुद्रापलीकडे

आमच्या आओने बेटावर टोकियोकडच्या मोठ्या जमिनीला 'देश' म्हणतात. तांदूळ देशावरून येतो, पोरी देशावर नांदायला जातात. म्हणून आम्ही परदेशी, असं कुणी म्हटलं असतं तर त्याच्या अंगावर मी मासे धुतलेलं पाणीच फेकलं असतं.

लढाई हरलो आणि अमेरिकनांचा हुकूम निघाला, की दक्षिणेकडची बेटं आता जपानची नाहीत. खातरजमा करायला एक गोरा साहेब आला, सोबत हवाईत वाढलेला दुभाष्या. आमचे गावप्रमुख असानुमा ठेवणीतला किमोनो घालून पुढे बसले.

"साहेब विचारतात, हे बेट देशात मोडतं का?"

"छे हो!" असानुमा हसले. "देश तिकडे, समुद्रापलीकडे. आम्ही बेटावरची माणसं."

साहेबानं मान डोलावली. झालं! आम्ही परमुलूख ठरलो, आणि देशावरची बोट बंद. माझा पोरगा यासुके चीनमधून सुटून देशावरच्या उरागा बंदरात उतरला होता. चार वर्षांपूर्वी याच असानुमांनी झेंडा हलवत त्याला 'देशासाठी' म्हणून लढाईवर धाडलं होतं.

मी गर्दीतून पुढे घुसले. "अहो, माझा पोरगा देशावर अडकलाय!"

दुभाष्या समजुतीनं म्हणाला, "आजी, आपल्याच देशात माणूस अडकतो होय?"

"आजी कुणाला म्हणतोस रे मेल्या!" मी ओरडले, पण साहेब बोटीकडे निघालाही होता.

आठवड्याच्या आत असानुमा आमच्या बेटाचे पंतप्रधान झाले. बोटवाला परराष्ट्रमंत्री झाला, बोटीत तेल नसलं तरी. पोत्यावर लाल कॅमेलियाचं फूल काढून झेंडा केला. मला तो फुटका टोमॅटो वाटला.

"तोमे, आता तू स्वतंत्र आहेस," असानुमा म्हणाले.

"चुलीत घाला ते स्वातंत्र्य! माझा पोरगा आणा."

पोरगा अमेरिकनांनीच आणला. एका सकाळी त्यांचं जहाज धक्क्याला लागलं आणि वरून यासुके ओरडला, "आई! मी जपानी म्हटलं की बंदरावरचे अमेरिकन म्हणायचे, मग राहा इथंच. शेवटी म्हटलं, मी परदेशी. लगेच जहाजात बसवलं, वर बिस्किटं दिली!"

नुसता हाडांचा सापळा झाला होता. मला रडू की हसू, कळेना.

असानुमा झेंडा हलवत पुढे धावले. "ये बाळा, ये! आपल्या राज्यात स्वागत आहे!"

यासुके उतरायच्या फळीवर मध्येच थांबला. झेंड्याकडे बघत म्हणाला, "काका, तुमच्या राज्यात सैन्यभरती आहे का?"

"अजून नाही रे."

"मग उतरतो."